सागाच्या काडीचा बाण आणि हातानं कापलेली खाच : नवीन पोट्ट्यांसाठी

तूर निघाली की गावोगावचे पोट्टे तुराट्यांचे बाण करतात आणि बांबूच्या कामटीला सुतळी बांधून सोडत बसतात, त्याला काही हरकत नाही. पण ३०-३५ पौंडाच्या, म्हणजे दोरी पुरी ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या, खऱ्या धनुष्याला तुराटी लावायची नाही. आत मऊ गाभा, वर पातळ साल, दोरी सुटली की तिथंच चिरते आणि त्याची चीप हातात घुसते. खऱ्या धनुष्याला खरी काडी पाह्यजे, आणि ती घरी बनवता येते. दुकानातून प्लॅस्टिकचा नॉक, म्हणजे दोरी अडकवायची तयार खाच, आणून चिकटवायची पण गरज नाही, काडीच्याच बुडाला खाच कापायची. आपल्याकडं आरामशीन जवळ, सुतार जवळ, शिकायला तेवढं पुरे आहे.

आधी दोन-तीन गोष्टी क्लिअर करून टाकतो, नंतर कुरकुर नको. हे सगळं लाकडी किंवा बांबूच्या साध्या धनुष्यासाठी आहे. कंपाउंडला, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याला, लाकडी बाण कधीच लावायचा नाही. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाला तो कंपाउंडवर, तिथं कार्बनचे बाण असतात, त्या चाकाच्या धनुष्याचा धक्का लाकडाला झेपत नाही. दुसरं, शिकारीचा विषयच काढू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे, आणि मेळघाट-ताडोबाकडचे असाल तर धनुष्य खांद्याला लावून जंगलाच्या बाजूनं फिरायचं पण नाही, फॉरेस्टवाला तुम्ही टार्गेट खेळता का ससा मारता हे विचारत बसणार नाही. तिसरं, लाकूड जंगलातून तोडून आणू नका. आरामशीनवर, फर्निचरवाल्याकडं सागाच्या कातरणीचे तुकडे पडलेले असतात, चहाच्या पैशात देतो तो.

लाकूड निवडणं

बाण चांगला निघतो का नाही हे ऐंशी टक्के इथंच ठरतं. रंधा कितीही मस्त मारा, लाकडाची रेषा, म्हणजे त्याचे धागे जातात ती दिशा, तिरकी असली तर बाण फेकायच्या लायकीचा.

काडीला किमान ३२ इंच लांब तुकडा लागतो. त्याची बाजू नीट पाहा. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली पाह्यजे. मधातच बाजूनं बाहेर निघून गेली तर तो तुकडा चुलीत घाला, कारण बाण तुटतो तो तिथूनच तुटतो, आणि तुटताना त्याला तिरकं टोक येतं. ते टोक धनुष्य धरलेल्या हाताच्या पंजातून जाऊ शकतं, भीती दाखवायला सांगत नाही, लाकडी बाणाचा सगळ्यात वाईट अपघात हाच आहे. गाठ नको, पांढरा कच्चा भाग नको, किडीचं भोक नको.

करवतीनं कापलेल्या पट्टीत रेषा सरळ दिसते पण असतेच असं नाही. खात्री करायची तर त्याच फळीचा एक वीतभर तुकडा कोयत्यानं उभा फोडून पाहा. फाट सरळ गेली तर फळी सरळ, फाट वळून बाजूनं निघाली तर रेषा तशीच वळलेली आहे. जुने लोक काड्या फोडूनच काढायचे, कापून नाही, त्याचं कारण हेच.

साग घ्यायचा का पाईन? पाईन हलका, रंध्याला मऊ, पॅकिंगच्या खोक्यातला पण चालतो पण त्यात गाठी लय. साग जड, ताठ आणि आपल्याकडं सहज भेटतो. सागाचे दोन त्रास आहेत. त्यात सिलिका असते म्हणून रंध्याचं पातं लवकर बोथट होतं, आणि त्यात तेल असतं म्हणून चिकटवायच्या आधी थिनरच्या फडक्यानं जागा पुसून घ्यावी लागते. सागाचा भुसा नाकात गेला की काही लोकांना शिंका आणि खाज सुटते, तोंडाला दुपट्टा बांधा. धामण भेटलं तर सोनं, लवचिक लाकूड आहे, कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि धनुष्याला वापरतात ते उगाच नाही, पण शिकायच्या टायमाला सागच घ्या, वाया गेला तरी जीव जळत नाही.

लाकूड वाळलेलं पाह्यजे. ओली पट्टी आणली तर सावलीत आडवी, खाली तीन-चार आधार देऊन ठेवा. मे महिन्यात चंद्रपूरच्या ४५ डिग्रीत उन्हात टाकून वाळवायची घाई केली की ती धनुष्य होते, बाण नाही.

चौकोनाचं गोल करणं

सुताराकडून १० मिमीची चौकोनी पट्टी काढून घ्या, हे त्याच्या मशीनवर दोन मिनिटाचं काम आहे. मग एका सरळ जाड फळीवर व्ही आकाराची नाळ पाडा, एका टोकाला खिळा ठोका, झाला तुमचा साचा. पट्टी नाळेत कोपरा वर करून बसवायची, टोक खिळ्याला टेकवायचं आणि रंधा चालवायचा.

चारही कोपरे मारून आधी अष्टकोन. १० मिमीच्या बाजूवर ३-४-३ अशा दोन रेघा पेन्सिलनं ओढा, मधले ४ ठेवायचे, दोन्ही बाजूचे ३-३ कोपऱ्यासोबत जातात. आठ बाजू सारख्या दिसल्या की त्या आठांचे कोपरे हलके मारून सोळा करा, मग गोल करायला फक्त सँडपेपर लागतो. ८० नंबरचा पेपर हातात गुंडाळून काडी त्यात फिरवायची, नाहीतर काडीचं एक टोक ड्रिल मशीनमध्ये पकडून हळू स्पीडवर पेपरातून मागं-पुढं न्यायची. हात तापतो, थांबत थांबत करा. लाइट गेली तर हातानं, आपल्याकडं त्याचं काही नवल नाही.

पहिल्या फेरीत ९ मिमीवर थांबा. एकदम बारीक करू नका, काहून ते आता सांगतो.

ताठपणा मोजणं

दोरी सुटली की बाण सरळ जात नाही, आधी तो बाजूला वाकतो, धनुष्याला वळसा घालून मग सरळ होतो. लय ताठ असला तर एकीकडं फेकल्या जातो, लय लवचिक असला तर दुसरीकडं. म्हणून धनुष्याच्या ताकदीप्रमाणं काडीचा ताठपणा जमवावा लागतो, याला स्पाइन म्हणतात.

मोजायला मशीन नको. दोन खिळे २६ इंचावर, म्हणजे ६६० मिमीवर ठोका, त्यावर काडी आडवी ठेवा. पाण्याच्या बाटलीत पाणी भरून बाटलीसकट वजन ९०७ ग्रॅम करा, किराणावाल्याच्या काट्यावर होऊन जातं, आणि ती बाटली बरोबर मधात लटकवा. काडी किती मिमी खाली वाकली ते मागं पट्टी उभी लावून पाहा. आता ६६० ला त्या आकड्यानं भागा. १६.५ मिमी वाकली तर ४०, २२ वाकली तर ३०. हा आकडा पौंडात येतो. नवीन माणसानं तो आपल्या धनुष्याच्या पौंडाइतका किंवा त्याहून चार-पाच कमी ठेवावा. ३५ पौंडाचं धनुष्य असलं तर ३० ते ३५. बांबूच्या धनुष्याला बाण बसायला मधात खाप पाडलेली नसते, बाणाला जास्त वळसा घालावा लागतो, तिथं कमीकडं राहिलेलं बरं.

मोजताना काडी कशी ठेवायची हे महत्त्वाचं आहे. टोकाकडून पाहिलं की लाकडाच्या वर्षांच्या रेषा दिसतात, त्या मोजताना उभ्या दिसल्या पाह्यजेत. का ते खाच कापताना कळेल.

आकडा जास्त आला तर पेपर मारून काडी बारीक करायची. पण जपून, ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर चालतो, ९ मिमीची ८.५ केली की साधारण २० टक्के ताठपणा गेलेला असतो. चार वेळा पेपर मारला की एकदा बाटली लटकवा. सागाची काडी साधारण ८ ते ८.५ मिमीच्या मधात कुठंतरी ३५ च्या धनुष्याला जमते, पण तुकड्या-तुकड्यात फरक असतो, आकड्यावर नाही तर बाटलीवर विश्वास ठेवा.

वजन पण पाहून घ्या. तयार बाण धनुष्याच्या दर पौंडाला किमान ८ ते १० ग्रेन भरला पाह्यजे. १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम, तर ३५ पौंडाला १८ ते २३ ग्रॅम. साग त्याच्या वरच जातो, त्यात वाईट काही नाही, जड बाण धनुष्याला त्रास देत नाही, हलका देतो. फक्त एका सेटमधले बाण एकमेकांच्या जवळपास ठेवा. सोनाराचा काटा वापरायला भेटला तर एकदम झकास.

काडी सरळ करणं

काचेच्या तुकड्यावर लोटा, कुठं उचलली जाते ते लगेच दिसतं. त्या जागी मेणबत्तीच्या किंवा गॅसच्या आचेवर वर धरून, सतत फिरवत गरम करा, हात लावला तर चटका बसला पाह्यजे पण रंग बदलला नाही पाह्यजे. उलट्या बाजूला थोडी जास्तच वाकवून थंड होईपर्यंत धरून ठेवा. घाईत सोडली की परत येते.

आता खाच

राजेहो, इथं घाई करायची नाही. बाकी सगळं जमलं आणि खाच चुकली तर बाण पहिल्याच शॉटला बुडातून उभा फुटतो.

काडीचं टोक सपाट कापून त्यावर थोडं पाणी लावा, लाकडाच्या वर्षांच्या रेषा ठळक दिसतात, एकमेकांना समांतर. दोरीची खाच या रेषांना आडवी, काटकोनात गेली पाह्यजे. रेषांच्या सोबत कापली तर दोरी प्रत्येक वेळी पाचर ठोकल्यासारखी त्याच रेषेत जोर लावते आणि लाकूड तिथून सुटतं. रेषांना आडवी कापली की दोरीचा जोर सगळ्या थरांवर वाटून जातो. पेन्सिलनं टोकावर ती काटकोनातली रेघ ओढूनच घ्या, अंदाजावर नको.

आता कोणतं टोक बुडाचं? काडीच्या दोन बाजूंवर सरळ बारीक रेघा दिसतात आणि उरलेल्या दोन बाजूंवर लांबट टोकदार आकृत्या दिसतात, व्ही सारख्या. खाच काटकोनात कापली की बाण लावल्यावर सरळ रेघांची बाजू आपोआप धनुष्याला टेकते, तीच ताठ बाजू असते, म्हणून मघाशी त्या बाजूवर बाटली लटकवली. आणि व्हीवाली एक बाजू वर येते. वरच्या बाजूच्या व्हीचं टोक बाणाच्या पुढच्या टोकाकडं पाह्यजे, तुमच्याकडं नाही. चुकून बाण मोडलाच तर चिरलेला भाग वरच्या वर घसरून जातो, हातात शिरत नाही. खालच्या बाजूचे व्ही उलटे असतात म्हणून कोणतीही काडी फिरवून हे जमवता येतं, फक्त विसरू नका, पेन्सिलनं वरच्या बाजूला फुली मारा.

खाच कापायच्या आधी मजबुतीची पट्टी घाला. ३० पौंडाच्या आतल्या धनुष्याला नुसती दोऱ्याची गुंडाळी पुरते, पण वर गेलात तर पट्टी पाह्यजेच. एकाच एक्सा ब्लेडनं (लोखंड कापायच्या करवतीचं पातं), खाचेच्या रेघेला काटकोनात, म्हणजे रेषांच्या सोबत, टोकातून ३५-४० मिमी खोल सरळ चीर पाडा. त्यात सनमायकाची कातरण घासून बसवा, ती एक मिमीच्या आसपास असते, ब्लेडच्या चिरेत थोडं घासून बरोबर बसते. चीर थिनरनं साफ, मग अराल्डाइट भरून पट्टी सारा, दोऱ्यानं घट्ट आवळून रात्रभर ठेवा, सकाळी बाहेरचा भाग कानशीनं घासून काडीच्या बरोबरीला आणा. म्हशीच्या शिंगाची पातळ चीप भेटली तर तीही चालते, आणि ही काही आपल्या गावची आयडिया नाही. इंग्लंडचं मेरी रोज नावाचं लढाऊ जहाज १५४५ ला बुडालं, १९८२ ला वर काढलं, त्यात हजारो बाण निघाले, बहुतेक पॉप्लरच्या लाकडाचे, आणि त्यांच्या खाचेत शिंगाची पट्टी अशीच आडवी बसवलेली होती. त्यांच्याकडं सनमायका नव्हता एवढाच फरक.

आता दोरीची खाच. दोन किंवा तीन एक्सा ब्लेड एकमेकांना चिकटवून, दात एकाच दिशेला ठेवून, वरून टेप गुंडाळा. दोन का तीन हे दोरीच्या मधल्या गुंडाळीच्या जाडीवर आहे, आधी फालतू तुकड्यावर कापून त्यात दोरी घालून पाहा. काडी शिकंज्यात कापड गुंडाळून उभी पकडा, ब्लेड पेन्सिलच्या रेघेवर ठेवा, पहिले चार-पाच हात एकदम हलके, जोर न देता, नाहीतर ब्लेड घसरून कड उडते. दर पाच-सहा हातांनी दोन्ही बाजूनं पाहा, खोली सारखी उतरते का आणि दोन्ही भिंती सारख्या जाड राहतात का. ७ मिमी खोल झालं की बस. साडेआठ मिमीच्या काडीत तीन मिमीची खाच म्हणजे दोन्हीकडं पावणेतीन मिमीची भिंत, याहून पातळ नको.

ब्लेडनं खाचेचा तळ चौकोनी येतो, आणि कोपऱ्यातूनच चीर सुरू होते, म्हणून तळ गोल करायचा. सायकलच्या स्पोकवर २२० चा पेपर गुंडाळा आणि खाचेत आरपार मागं-पुढं चालवा, तळ गोल आणि गुळगुळीत होतो. वरच्या कडा पण हलक्या मारा म्हणजे दोरी आत जाताना अडत नाही. नख फिरवून पाहा, नखाला जे टोचते ते दोरीला कापते.

बसते का नाही ते असं पाहा. धनुष्य आडवं धरा, दोरीला बाण लटकवा, सोडा. बाण स्वतःच्या वजनानं लटकून राहिला आणि दोरीवर बोटानं टिचकी मारली की खाली पडला तर बरोबर. टिचकीनं पडत नाही म्हणजे टाइट, तसाच सोडला तर भिंती फुटतात. आपोआप पडतो म्हणजे ढिला, आणि ढिली खाच ऐन वेळी दोरीवरून सुटली तर धनुष्य रिकामं सुटतं, धनुष्याचे हातच मोडतात. ढिल्या खाचेवर इलाज नाही, अर्धा इंच कापून परत करा.

शेवटी गुंडाळी. खाचेच्या तळाच्या लगेच खालून १२ मिमी. शिवणाचा पॉलिस्टरचा जाड दोरा घ्या, मांजा नको. दोऱ्याचं टोक काडीवर लांबीला ठेवून त्याच्यावरूनच गुंडाळत जा, वेढ्याला वेढा चिकटून, मधात फट नाही. शेवटचे सहा-सात वेढे उरले की वेगळ्या दोऱ्याचा एक फास त्याखाली ठेवून गुंडाळा, टोक फासात घाला आणि फास ओढून टोक वेढ्यांखालून बाहेर काढा, गाठ मारायची गरजच पडत नाही. वरून पातळ अराल्डाइट बोटानं चोळा.

पिसं आणि टोक

पिसं तीन, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. उजव्या-डाव्याची मिसळ केली की एक पीस एकीकडं ढकलतं, दुसरं दुसरीकडं. घरच्या बदकाची, राजहंसाची, टर्कीची पंखातली मोठी पिसं घ्या. जंगली पक्ष्यांची आणि मोराची नको, कायद्याची भानगड आहे आणि मोरपिसाचा तो डोळा बाणाला तसाही कामाचा नाही. पिसाची दांडी ब्लेडनं उभी चिरून, पेपरवर घासून पातळ करा. खाचेच्या १ इंच पुढं, चार ते पाच इंच लांब, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, फेविकॉल किंवा अराल्डाइटनं चिकटवा. एक पीस खाचेला काटकोनात पाह्यजे, ते धनुष्याच्या उलट बाजूला राहतं, आणि तुम्ही मारलेली फुली वर राहील अशाच बाजूला ते लावा. ते वेगळ्या रंगाचं ठेवलं की बाण उलटा लागत नाही. पिसांच्या पुढच्या टोकाला दोऱ्याचे दहा-बारा वेढे नक्की द्या, पिसाच्या दांडीचं मोकळं टोक हातावरून जाताना ब्लेडसारखं कापतं.

टोकाला तयार पॉइंट भेटतात, १०० किंवा १२५ ग्रेनचे, आत ५ डिग्रीचा उतार असतो. काडीचं टोक त्या उताराला कानशीनं घासायचं, अराल्डाइट लावायचं, फिरवत बसवायचं. लोहाराकडून पत्र्याची टोपी वळवून घेतली तरी चालते, फक्त सगळ्या टोप्या एका वजनाच्या.

लांबी किती? दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत इंचात मोजा, अडीचनं भागा, ती तुमची ओढ, म्हणजे तुम्ही दोरी किती लांब ओढता ते. बाण त्याहून दोन इंच लांब ठेवा. ओढ २६ आली तर खाचेच्या तळापासून पॉइंटच्या मागच्या कडेपर्यंत २८. बाण आखूड झाला आणि ओढताना टोक धनुष्याच्या आत आलं तर सरळ हातात जातं.

पॉलिश, ठेवणं, तपासणं

पिसं लावायच्या आधीच काडीला पॉलिश करून घ्या. सुताराचं लाखेचं स्पिरिट पॉलिश चांगलं, तीन हात. नाहीतर घरचं जवसाचं तेल, पण ते वाळायला लय दिवस घेतं आणि तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पाण्यात बुडवून किंवा मोकळे पसरून वाळवा.

पावसाळ्यात काड्या फुगतात, वाकतात. भिंतीला टेकवून तिरक्या ठेवू नका, दाराच्या मागं टोक खाली करून उभ्या लटकवा.

टार्गेटला बारदान्यात जुने कपडे ठासून भरा, मागं धुऱ्याचा उंच बांध असू द्या, आणि बांधाच्या पलीकडं कोणी निंदत नाही ना ते जाऊन पाहून या. दर वेळी सोडायच्या आधी बाण दोन्ही हातात धरून चेहऱ्यापासून लांब हलकासा वाकवा, फिरवत चारही बाजूनं, आणि कान द्या. बारीकसा कट्ट आवाज आला तर मोडून टाका, ठेवू नका, नाहीतर घरातलं दुसरं पोट्टं उचलून सोडते. खाचेच्या भिंती नखानं तपासा. भिंत उडाली असेल पण काडी ठीक असेल तर गुंडाळीच्या खालून कापून नवी खाच करा, बाण आखूड आणि थोडा ताठ होतो, पिसं पण पुढं सरकवून परत लावावी लागतात, कमी ओढीच्या लहान भावाच्या कामी येतो, फक्त त्याची ओढ आधी मोजून घ्या.